अक्षर आलंय 'ण'! बारसं रविवारी, नाव सुचवा प्लीज

मधल्याआळीतली
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. मला मुलगी झाली. काल पाचवी झाली, बारसं येत्या रविवारी, आणि नावाचा अजून पत्ता नाही. रात्रीचे अडीच वाजलेत, एका हाताने टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर झालंय असं की गुरुजींनी पत्रिका मांडली, हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'ण'. मी म्हटलं गुरुजी परत एकदा बघा. त्यांनी बघितलं, 'ण'च. आता णवरून काय नाव ठेवणार, णमिता? गुरुजींनीच मग तोडगा दिला की कन्या राशीला प, ठ, ण असतात, त्यातलं प घ्या. झालं, सासूबाईंनी पुण्याहून फोनवर जाहीर केलं की प म्हणजे प, राशीचं अक्षर सोडायचं नाही, मोठ्या जाऊबाईंनी सोडलं म्हणून त्यांचं पोरगं सारखं आजारी असतं (ते पाळणाघरातल्या सर्दीमुळे असतं, पण बोलणार कोण). नणंदेने यादी पाठवलीय, प्रिशा, परी, पिहू, पृषा, परत प्रिशा. नवऱ्याला दोन अक्षरी पाहिजे, 'युनिक' पाहिजे आणि जगात कुठेही चालेल असं पाहिजे. बाबा म्हणतात काहीही ठेवा पण मला हाक मारता आली पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे की उद्या तिने विचारलं, आई माझं हेच नाव का, तर मला काहीतरी सांगता आलं पाहिजे, 'एका साइटवर छान वाटलं' हे सोडून. तुम्ही कशी ठेवलीत मुलांची नावं?

टवाळखोर
ठमाबाई ठेवा. राशीत बसतं, युनिक आहे, आजोबांना हाक मारता येते. प्रॉब्लेम सॉल्व्ह. (अभिनंदन हो, बाळाला आशीर्वाद.)

आरवचा_बाबा
अभिनंदन! एक कळकळीची विनंती, त्या नावांच्या साइटींवरचे अर्थ डोळे झाकून घेऊ नका, मी घेतलेत आणि भोगतोय. आम्ही 'आरव' ठेवलं, साइटवर अर्थ होता शांत. म्हटलं वा, दोघंही आम्ही तापट, पोरगं तरी शांत निघू दे. दीड वर्षांनी एका संस्कृतच्या बाई भेटल्या, त्यांनी नाव विचारलं आणि हसायलाच लागल्या. रव म्हणजे आवाज, आपण कलरव म्हणतो ना तोच, आणि आरव म्हणजे मोठ्याने केलेला आवाज, आरडाओरडा. पोरगं आता चार वर्षांचं आहे, नावाचा खरा अर्थ काय ते आमच्या खालच्या मजल्यावर विचारा.

तसंच 'अनय'. ऐकायला किती गोड, आणि नय म्हणजे नीती, तर अनय म्हणजे काय ते आलंच ओघाने. शिवाय राधेच्या नवऱ्याचं नाव अनय होतं, कृष्णाच्या गोष्टीत त्या बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. तेव्हा जे आवडेल ते ठेवा पण आधी एखादा जाडजूड संस्कृत शब्दकोश बघा, नाहीतर शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांना गाठा. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं नाही.

गोदाकाठ
'ण' आलं म्हणून घाबरू नका, तुम्ही एकट्या नाही. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशेआठ अक्षरं झाली, आणि ती काही नावं डोळ्यापुढे ठेवून वाटलेली नाहीत. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. ञ वरून कुणी नाव ठेवलेलं असेल तर मला त्याला भेटायचंय.

आमच्या घरात यावर सोपा उपाय होता. नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. नावरस नाव पत्रिकेत लिहायचं, बारशाला आधी कानात तेच सांगायचं, की झालं त्याचं काम. नंतर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. सासूबाईंचा मान राहतो, तुमचंही होतं.

आणि मला विचाराल तर घरातलंच नाव घ्या, पण त्यातही गंमत असते बरं का. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्या आजोबांचं ठेवलं, दत्तात्रय. आता माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या, सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. म्हणजे पोटच्या पोराला नावाने हाक मारायची सोय नाही! मग त्याला त्या 'आबा' म्हणायला लागल्या. रागावतानासुद्धा 'आबा, मार खायचाय का' असं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत दत्तात्रय पुकारलं तर हे गप्प, ह्यांना वाटलं दुसरा कुणी मुलगा आहे. आज साठी आली तरी गल्लीत आबाच, दत्तात्रय फक्त लाइट बिलावर.

माणदेशी_ऊन
वरचे प्रतिसाद वाचून हसू आलं आणि आमची आत्याही आठवली, म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आमच्या आत्याचं नाव नकुशा. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको, चौथी मुलगी झाली की नकोशी, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. पुढचे माझे वडील. म्हणजे घरच्यांच्या मते नाव लागू पडलं. घरात सगळे नकू म्हणायचे, प्रेमाने म्हणायचे हे पण खरं, आम्हा पोरांना तर बरीच वर्षं त्यात काही अर्थ आहे हेच माहीत नव्हतं, नकूआत्या म्हणजे नकूआत्या. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुमन. सासरी सुमन, माहेरी नकू.

२०११ साली साताऱ्याला जिल्हा परिषदेने अशा मुलींचा नाव बदलायचा कार्यक्रम घेतला, पावणेतीनशेच्या वर मुली होत्या, पुष्कळ जणींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. पेपरात फोटो आला होता. आत्या तेव्हा साठीच्या पुढे. तिने पेपर जवळ धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, पोरी बऱ्या दिसतात की गं. एवढंच. मग चहा टाकायला उठली.

सांगायचं कारण असं की आमच्या घरातल्या प्रत्येक पोराच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं ते याच बाईने. आत्याच ना ती. आम्हा सख्ख्या-चुलत मिळून चौदा जणांची नावं तिच्या तोंडून आलीत, आणि चौदा वेळा तिने पाठीत बुक्के खाल्लेत. माझ्या मुलीच्या वेळी मी तिलाच विचारलं, काय ठेवू. ती म्हणाली, जे ठेवशील ते, फक्त हाक मारल्यावर तिला वाटलं पाहिजे की मला बोलवतायत. आम्ही 'हवी' ठेवलं. लोक विचारतात हविर्भाग वगैरे का, आम्ही हो म्हणतो.

टवाळखोर
@माणदेशी_ऊन, दादा माझा वरचा प्रतिसाद खोडता येत नाहीये, नाहीतर खोडला असता.

माणदेशी_ऊन
अहो राहू द्या की. आत्याला पण ठमाबाई आवडलं असतं.

खिडकी_नंबर_४
अभिनंदन ताई. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बरीच वर्षं बसलोय म्हणून कामाचं बोलतो. रविवारपर्यंत नाव सुचलंच पाहिजे असं काही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्यातून झाली की नाही तेवढं विचारून घ्या, आणि ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांत फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा घातलं की बदलायचं म्हणजे राजपत्र वगैरे भानगड, तेव्हा घाईत 'प्रिशा' लिहून येऊ नका आणि पुढच्या महिन्यात 'साहेब बदलून द्या' म्हणून पण येऊ नका.

दुसरं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना महाराष्ट्रात सरकारी कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं येतं. तुमचंही नाव त्यात येणार. चारही एका दमात मोठ्याने म्हणून बघा, काही जोड्या फार विनोदी होतात, उदाहरणं देत नाही, नोकरी आहे.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजी स्पेलिंग घरी कागदावर लिहून आणा आणि दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून दोन्ही लिप्यांमधलं वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, लायसन, मतदार यादी, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या दाखल्यावर 'ओवी'चं 'ओव्ही' झालं होतं, आणि तो टाइप मीच केला होता.

डसेलडॉर्फचा_मराठी
नवऱ्याला सांगा 'जगात कुठेही चालेल' असं नाव नसतं. आमची ज्ञानदा. ज्ञ आपण इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो, इथे ते बघून नर्सने दोन मिनिटं विचार केला आणि 'बेबी' म्हणाली. आता तिच्या वर्गात सगळे व्यवस्थित ज्ञानदा म्हणतात, पोरांना शिकवलं की येतं. मोठी माणसंच अडकतात.

गोदाकाठ
मधल्याआळीतली, तुझं नाव बघून विचारते, तू वाईची का गं? आणि घरात आज्या-पणज्यांची नावं काय होती?

मधल्याआळीतली
बाप रे, एवढे प्रतिसाद! माणदेशी दादा, तुमचा वाचून रडले, आता बाळंतपणात काहीही झालं की रडू येतंच पण तरी.

हो गोदाकाठ ताई, माहेर वाई, सध्या माहेरीच आहे. तुम्ही विचारलंत आणि मी एकदम उठूनच बसले. माझ्या आज्जीचं नाव कृष्णाबाई. वडिलांची आई. मला तिनेच वाढवलं, आई शाळेत नोकरीला होती. तिचं माहेर वरच्या अंगाला, ते गाव धोम धरणाच्या पाण्यात गेलं. म्हणजे बघा, ज्या नदीचं नाव हिला दिलं त्याच नदीने हिचं माहेर घेतलं. मी लहानपणी विचारायचे, आज्जी तुला राग नाही येत? तर म्हणायची, माहेरी जायचं म्हटलं की आता एसटी लागत नाही, घाटावर उतरलं की झालं, माझं माहेरच वाहत येतं इथं. आणि खरंच, कृष्णामाईच्या उत्सवात सगळ्या बायका ओटी भरायच्या, ही मात्र वाटीभर साखर आणि भाकरीचा तुकडा सोडायची पाण्यात. माहेरच्यांना, म्हणे.

आणि आता रात्री मला दिसलं, कृष्णा, यात 'ण' आहे!! सुरुवातीला नाही तर नाही, शेवटी तर आहे.

नवरा म्हणतो मुलाचं नाव वाटेल. सासूबाई काय म्हणतील माहीत नाही.

आरवचा_बाबा
कृष्णा आकारान्त, नदी, द्रौपदीचंही नाव, शंभर टक्के बाईचं नाव. मी या वेळी बघून सांगतोय. पण मुलांनाही आपल्याकडे कृष्णा म्हणतात हे खरं आहे, आमच्याच सोसायटीत एक आहे. हाक मारली की दोघं येतील, एवढंच.

टवाळखोर
द्रौपदीचं सासूबाईंना सांगू नका.

खिडकी_नंबर_४
इंग्रजीत कृष्ण आणि कृष्णा एकसारखंच लिहितात, तेव्हा हवं तर शेवटी दोन 'ए' घाला. आणि दाखला तिथेच वाचा!

मधल्याआळीतली
(दोन आठवड्यांनी) उशिरा लिहितेय, सॉरी, बाळ झोपूच देत नाही.

बारसं झालं. सासूबाईंना द्रौपदीचं कुणीतरी सांगितलंच (नणंद). त्या म्हणाल्या, द्रौपदीचं नाव कशाला, तिच्या वाट्याला काय काय आलं. मी आज्जीची, साखर-भाकरीची गोष्ट सांगितली. त्यावर काहीच बोलल्या नाहीत, आत गेल्या. मला वाटलं झालं आता. तर थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारतात, ती भाकरी ज्वारीची का बाजरीची? बारशाच्या दिवशी सकाळी मला न सांगता बाबांना घेऊन घाटावर जाऊन आल्या. काय सोडलं ते दोघंही सांगत नाहीत.

कानात आधी राशीचं 'पूर्वा' सांगितलं, मग कृष्णा. नणंदेला बुक्के जरा जोरातच बसले, त्यातला एक माझा होता. नवऱ्याने त्याच रात्री ई-मेल आयडी काढायला घेतला, तर त्या नावाचे सगळे आयडी आधीच गेलेले, आता तीन आकडे लावलेत. युनिक!

खिडकी नंबर चार, स्पेलिंग कागदावर लिहून नेलं होतं, दाखला तिथेच वाचला, दोन्ही लिप्यांत बरोबर आहे.

आणि टवाळखोर, तुम्हाला खास सांगायचंय. बाबांनी तो प्रतिसाद वाचला होता. घरात आता तिला कृष्णा मी एकटीच म्हणते, बाकी सगळ्यांची ती ठमी झालीय. गुरुजी बारशाचं जेवताना म्हणाले, छान, ठ पण राशीचंच आहे.