श्पार्गेलच्या जेवणाला कोणती ड्राय जर्मन व्हाइट वाइन नेऊ?

न्यूर्नबर्गची_माधवी:
नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन कुटुंबाकडे जेवायला बोलावलंय. पांढरा श्पार्गेल (म्हणजे अ‍ॅस्परॅगस, कोंबांची भाजी), उकडलेले बटाटे, अंडं-लोण्याचा हॉलंडेज सॉस असा बेत आहे, त्यांच्यासाठी सोबत हॅम पण आहे, आम्हाला अंडं चालतं मांस नाही. वाइन आम्ही आणतो असं मी सांगून ठेवलंय. मागे एकदा मोझेल भागातली रीसलिंग (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आणली होती, लेबलवर काबिनेट लिहिलेलं म्हणून मला वाटलं ड्राय असेल, उघडली तर चक्क गोड! जेवणाबरोबर अजिबात गेली नाही. यावेळी चुकायचं नाहीये, नेमकं काय बघून घेऊ?

माइन्झकर:
माधवीताई, काबिनेट किंवा श्पेटलेजे या शब्दांचा बाटलीतल्या गोडीशी थेट संबंध नाही, द्राक्षं तोडली तेव्हा ती किती पिकली होती, रसात साखर किती होती ते त्यावरून कळतं. त्यातली किती साखर आंबवताना संपली आणि किती उरली हा पुढचा प्रश्न, म्हणून श्पेटलेजे ट्रोकन अशी ड्राय बाटलीही मिळते. तुम्ही फक्त ‘ट्रोकन’ म्हणजे ड्राय हा शब्द शोधा. त्यात उरलेली साखर लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम, आणि तीही आंबटपणा त्या मानाने पुरेसा असेल तरच. हाल्बट्रोकन म्हणजे अर्धी ड्राय, फाइनहेर्बला कायद्यात ठरलेली व्याख्याच नाही त्यामुळे अंदाजाने घेऊ नका. अजून एक खूण सांगतो, अल्कोहोलचा आकडा बघायचा, मोझेलची 8-9 टक्केवाली रीसलिंग बहुतेक गोडच असते, ट्रोकन साधारण 11.5 ते 13 च्या आसपास.

मुक्काम_व्युर्त्सबुर्ग:
वरचं सगळं बरोबर, पण माझं ऐकाल तर श्पार्गेलला रीसलिंग नकोच, सिल्वानर नावाच्या द्राक्षाची ट्रोकन न्या!! तुम्ही फ्रांकन भागातच राहताय, आणि ही इथली घरची वाइन आहे, 1659 साली कास्टेल गावात सिल्वानरची रोपं लावल्याची नोंद आहे. श्पार्गेलला स्वतःची नाजूक गोडसर चव असते आणि मागे जराशी कडवट छटा, रीसलिंगचा धारदार आंबटपणा कधीकधी तिच्यावर चढून बसतो. सिल्वानर त्यामानाने सौम्य, थोडा पेअर थोडा ओल्या गवतासारखा वास, आणि तरी हॉलंडेजमधलं लोणी कापण्याइतका आंबटपणा तिच्यात असतो. फक्त लाकडी पिंपात मुरवलेली घेऊ नका, श्पार्गेलबरोबर ती कडू लागते. बॉक्सबॉयटल म्हणजे ती चपटी गोल बाटली, ती नेलीत तर यजमानांना बघताक्षणी कळेल की फ्रांकनची आहे. इथे व्युर्त्सबुर्गला संध्याकाळी माइन नदीवरच्या जुन्या पुलावर लोक हातात ग्लास घेऊन उभे असतात, मी सिल्वानर पहिल्यांदा तिथेच प्यायले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. नेण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा, 8-10 डिग्रीला छान लागते.

कोल्हापूर_ते_कोल्न:
मी मध्येच घुसतो, पण घरच्या तिखट जेवणाबरोबर ट्रोकन चालते का? मला तर तोंड जास्तच भाजल्यासारखं वाटलं.

माइन्झकर:
दादा, बरोबर वाटलं तुम्हाला. अल्कोहोलने तिखट वाढतं आणि ट्रोकनमध्ये ते झाकायला गोडीही नाही. रश्श्याला ती मोझेलची गोड काबिनेटच घ्या. ट्रोकन ठेवा सौम्य पदार्थांना, म्हणजे आळूवडी, कोथिंबीर वडी, किंवा रव्यात तळलेला मासा, तिखट हात आखडता घेऊन. तळणावर लिंबू पिळतो ना आपण, तेच काम तिचा आंबटपणा करतो.

न्यूर्नबर्गची_माधवी:
सगळ्यांचे खूप आभार! सिल्वानर ट्रोकन नेली, 12.5 टक्केवाली, बॉक्सबॉयटलमध्येच. श्पार्गेल आमच्या इथल्याच क्नोब्लाउख्सलांड या भाजीपाल्याच्या शेतीच्या भागातला होता, त्याच सकाळी काढलेला, आणि काकूंनी साली वाया न घालवता उकळून त्याच पाण्याचं सूप केलं होतं. सूपबरोबर तर वाइन जेवणापेक्षाही छान लागली. 24 जूनला सीझन संपायच्या आत त्यांना आमच्याकडे बोलावलंय, श्पार्गेल मी आणणार, साली ठेवून देणार, आणि सुरुवातीला कोथिंबीर वडी.