मदत हवी आहे: मुलाखतींच्या विश्लेषणासाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि हे काम पुढे कुठे पाठवावं?

शोधवाट

ॲपवरून काम मिळणारे कामगार रेटिंग आणि कामवाटपाचा अल्गोरिदम कसा समजून घेतात, यावर आम्हा दोघींचा गुणात्मक अभ्यास चालू आहे. हातात २४ मुलाखती आहेत, प्रत्येकी साधारण तासाभराच्या. भाषा मराठी, मधेमधे हिंदी आणि इंग्रजी. शिवाय कामगारांनी दिलेले ९० स्क्रीनशॉट आणि त्यांच्या एका चॅट-ग्रुपमधला मजकूर, ज्याला ग्रुपच्या ॲडमिनने परवानगी दिली आहे. एकीकडे विंडोज, दुसरीकडे मॅक. सॉफ्टवेअरसाठी पैसे जवळजवळ नाहीत.

१. एनव्हिवो, ॲटलस.टीआय, मॅक्सक्यूडीए या विश्लेषणाच्या विकतच्या सॉफ्टवेअरपैकी काही न घेता भागेल का?
२. ट्रान्सक्रिप्ट मशीनकडून करून घेतले तर विश्वास ठेवता येईल का?
३. आमच्यासारख्या नवख्या संशोधकांनी हे कुठल्या परिषदेत, नियतकालिकात पाठवावं? निधीची काही शक्यता?

कोडवही

पहिल्या प्रश्नाबद्दल: भागेल. फीचरची यादी बाजूला ठेवा आणि आधी बाहेर पडायचा रस्ता बघा: लायसन्स संपलं किंवा सहकारी बदलली, तर केलेलं कोडिंग (उताऱ्यांना विषयवार लेबलं, म्हणजे कोड, लावण्याचं काम) दुसऱ्या कशात उघडेल का? यासाठी रेफी-क्यूडीए नावाचं सामायिक मानक आहे. पूर्ण प्रकल्पाची फाइल .क्यूडीपीएक्स आणि नुसत्या कोडयादीची .क्यूडीसी. क्यूडीपीएक्स म्हणजे खरं तर झिप असते. आत एक एक्सएमएल फाइल आणि मूळ कागदपत्रांचा फोल्डर. मूळ मजकूर, कोड, मेमो (विश्लेषण करताना लिहिलेल्या टिपा) हे सहसा नीट जातं. जतन केलेल्या क्वेरी आणि तक्ते-आकृत्यांची मांडणी मागे राहते.

तुमच्या गरजेला दोन मोफत, मुक्त-स्रोत पर्याय बसतात.

टॅगेट: फक्त मजकुरासाठी. ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हरवर असेल तर दोघी एकाच वेळी एकाच प्रकल्पात काम करू शकता, त्यामुळे विंडोज-मॅकचा प्रश्नच मिटतो. शिकायला अर्धा तास पुरतो. अधोरेखित उतारे स्प्रेडशीटमध्ये आणि कोडयादी क्यूडीसीमध्ये काढता येते. मर्यादा अशी, की एकदा आत घेतलेल्या कागदपत्रात दुरुस्ती होत नाही आणि स्क्रीनशॉट कोड करता येत नाहीत. स्वतःच्या संगणकावर चालवताना वर्डची फाइल आत येत नसेल, तर कॅलिबर (ई-पुस्तकांचं मोफत सॉफ्टवेअर) इन्स्टॉल आहे का ते तपासा, रूपांतर तेच करतं.

क्वालकोडर: मजकूर, चित्रं, ऑडिओ, व्हिडिओ सगळं कोड होतं. चित्रावर चौकट काढून तिला कोड लावता येतो. स्क्रीनशॉटमध्ये रेटिंगचा कोपरा वेगळा आणि दंडाची सूचना वेगळी धरायची असेल, तर हेच हवं. क्यूडीपीएक्सची आयात-निर्यात दोन्ही आहे. सगळं कोडिंग प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या एका एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलमध्ये राहतं, आणि नेमकी इथेच लोकांची कामं बुडतात: तो फोल्डर क्लाउड-सिंकमध्ये ठेवून दोघांनी एकदम उघडला की फाइल बिघडते. एका वेळी एकीनेच उघडायचं, काम संपलं की बंद करून तारखेच्या नावाने प्रत काढायची आणि मगच ती प्रत दुसरीला पाठवायची. सेटिंगमध्ये दोघींची कोडर-नावं वेगळी ठेवा, नाहीतर कोणाचं कोडिंग कोणतं ते नंतर वेगळं करता येत नाही.

माझं मत: स्क्रीनशॉट हा तुमच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून क्वालकोडर.

पैशांच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एनव्हिवोच्या विंडोज आणि मॅक आवृत्त्यांची प्रकल्प-फाइल वेगवेगळी असते, रूपांतर करावं लागतं, तुमच्या जोडीला ते त्रासाचं. मॅक्सक्यूडीएची फाइल दोन्हीकडे तीच चालते. एनव्हिवो आणि ॲटलस.टीआय आता ल्युमिव्हेरो या एकाच कंपनीकडे आहेत, तेव्हा एक सोडून दुसरं घेणं म्हणजे पुरवठादार बदलणं नव्हे. कोणाचंही एआय-कोडिंगचं बटण दाबण्याआधी संमतिपत्र वाचा. मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल आणि मुलाखत देणाऱ्याला ते सांगितलेलं नसेल, तर ते बटण तुमच्यासाठी नाही.

ठरवण्याआधी चाचणी घ्या. एक मुलाखत, पाच स्क्रीनशॉट, दहा कोड. क्यूडीपीएक्स काढा, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत उघडा आणि प्रत्येक कोडची सुरुवात-शेवट मूळ जागेवरच आहे का ते डोळ्यांनी बघा. दोन तासांचं काम आहे, पण ते टाळल्याने २४ मुलाखतींचं कोडिंग परत करावं लागू शकतं.

ध्वनिरेषा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तासभराच्या ऑडिओला हाताने चार ते सहा तास लागतात, म्हणजे तुमच्या २४ तासांना शंभर ते दीडशे तास. व्हिस्पर (बोलणं मजकुरात उतरवणारं, ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं) स्वतःच्या संगणकावर चालतं, ऑडिओ कुठेही पाठवावा लागत नाही. पण पहिला मसुदा म्हणूनच धरा. मराठीसाठी लहान मॉडेल कामाची नाहीत. मोठ्या मॉडेलला सुमारे १० जीबी ग्राफिक्स मेमरी लागते. नसेल तर प्रोसेसरवर रात्रभर चालू ठेवा.

काय बिघडतं:

भाषा स्वतः ओळखायला सांगितलं तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं. सुरुवातीच्या गप्पा हिंदीत असतील तर पुढची मराठीही हिंदीसारखी लिहिली जाते. भाषा 'मराठी' अशी हाताने द्या.

शांततेत ते वाक्यं रचतं. कोणी विचार करायला थांबलं, की न बोललेलं वाक्य येतं किंवा मागचंच वाक्य पाच-सहादा उमटतं. फास्टर-व्हिस्पर या त्याच्या वेगवान रूपात शांत तुकडे वगळायची सोय आहे, ती चालू ठेवा. आधीच्या मजकुरावर अवलंबून राहण्याचा पर्याय बंद केला की पुनरावृत्तीही कमी होते. तरी प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट ऑडिओ लावून पूर्ण तपासायचं. 'मग काय करणार' नंतरची चार सेकंदांची शांतता तुमच्या अभ्यासात अर्थपूर्ण आहे, आणि मशीन ती गिळून टाकतं. (थांबा: ४ से.) असं हाताने लिहा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे बहुतेक इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही. 'ॲप' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो: 'ॲप' (एकच जोडलेलं अक्षर), 'अॅप' (अ आणि वर चंद्र), 'अ‍ॅप' (मधे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड). दिसायला सारखे, शोधताना वेगळे. तुमच्या विषयात 'ॲप' शोधून दोन-तृतीयांश उतारे निसटले, तरी कळणार नाही. 'करणाऱ्या' मधल्या ऱ्याचंही तसंच. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगवेगळे युनिकोड प्रकार एकसारखे करणं) केल्याने नुक्ता लावून लिहिलेला 'ऱ' सरळ होतो, पण 'ॲ'चे प्रकार आणि जोडचिन्हाने लिहिलेला 'ऱ्या' सरळ होत नाहीत. ते शोधा-बदला करूनच एकसारखे करावे लागतात.

ही सफाई कोडिंगच्या आधी करायची. क्वालकोडरसारखं सॉफ्टवेअर कोडची जागा कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मोजून लक्षात ठेवतं. 'रेटिंग' तीन अक्षरी दिसतो, पण मोजणीत सहा: र, एकाराची मात्रा, ट, इकार, अनुस्वार, ग. कोडिंग झाल्यावर बाहेर जाऊन मजकुरातून अदृश्य चिन्हं काढली, तर तिथून पुढचा प्रत्येक कोड सरकतो.

पीडीएफ शक्यतो घालूच नका. त्यातून देवनागरी काढताना वेलांट्या जागा सोडतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं असेल तर नुसती रोमन चिन्हं हाती येतात. साधी टेक्स्ट किंवा वर्डची फाइल ठेवा.

शोधवाट

'ॲप' आत्ताच तपासलं, दोन मुलाखतींतच तिन्ही प्रकार सापडले. सफाई करूनच पुढे जातो. दोघींच्या कोडिंगमध्ये कप्पा (कोहेनचा कप्पा, दोन कोडरांचं एकमत मोजणारा आकडा) काढणं गरजेचं आहे का?

कोडवही

पद्धतीवर अवलंबून. कोडयादी आधी पक्की करून, व्याख्येनुसार कोड लावणार असाल तर काढा. त्यासाठी आधी एकक ठरवा, वाक्य की पूर्ण उत्तर. एकीने अर्धं वाक्य आणि दुसरीने अख्खा परिच्छेद निवडला, तर अर्थावर एकमत असूनही आकडा पडतो. अर्थ लावणारी संशोधक हाच विश्लेषणाचा भाग, अशी चिंतनशील पद्धत असेल तर कप्पा तिथे बसतच नाही. मग पहिल्या तीन मुलाखती दोघींनी वेगवेगळ्या कोड करून मतभेदांवर मेमो लिहिणं जास्त उपयोगी. प्रत्येक कोडला व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि एक नमुना उतारा, एवढं लिहिलेलं असावं.

परिघावर

तिसऱ्या प्रश्नाआधी एक अडचण: ग्रुपच्या ॲडमिनची परवानगी म्हणजे सदस्यांची संमती नव्हे. ज्यांचे संदेश वापरणार त्यांना वेगळं विचारा, जमत नसेल तर तो मजकूर फक्त पार्श्वभूमी म्हणून ठेवा, उद्धृत करू नका. कामगार एखादं वाक्य वाचून कोणाचं ते ओळखू शकतात, आणि इथे काम जाण्याचा धोका खरा आहे. इंटरनेट संशोधकांच्या एओआयआर संघटनेची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं (तिसरी आवृत्ती, २०१९) मोफत आहेत, समीक्षकही ती ओळखतात. टोपणनावांची किल्ली ऑडिओपासून वेगळ्या, कूटबद्ध जागी ठेवा.

आता जागा. समाज आणि तंत्रज्ञान असा कल असेल तर ४एस (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासाची १९७५ पासूनची संस्था) आणि तशीच युरोपातली ईएएसएसटी यांच्या परिषदा. तिथे आधी फक्त सारांश पाठवायचा असतो, त्यामुळे अर्धं विश्लेषण झालं असतानाही शिरता येतं. सीएचआय (माणूस-संगणक संवाद) आणि सीएससीडब्ल्यू (संगणकाच्या आधाराने मिळून केलेलं काम) या संगणकाच्या अंगाने जाणाऱ्या परिषदांना पूर्ण निबंध लागतो. अल्गोरिदमिक कामावर तिथे बरंच लिहिलं गेलंय, ते वाचल्याशिवाय पाठवू नका. पीएचडीला नाव नोंदवलं असेल तर सीएचआय आणि सीएससीडब्ल्यू दोन्हीकडे डॉक्टोरल कन्सॉर्शियम असतं, मसुद्यावर अनुभवी लोकांची मतं तिथे मिळतात. उद्योगात संशोधनाची वाट हवी असेल तर एपिक, उद्योगातल्या लोकअभ्यासाची परिषद, २००५ पासून.

नियतकालिकांत 'फोरम: क्वालिटेटिव्ह सोशल रिसर्च' आणि ४एसचं 'एंगेजिंग सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी' ही दोन्ही खुली आहेत आणि लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. पद्धतीवरचा लेख पहिल्याकडे शोभेल. देवनागरी ट्रान्सक्रिप्टच्या सफाईवरच एक लेख होऊ शकतो, गांभीर्याने विचार करा.

निधीसाठी विकिमीडियाचा रिसर्च फंड आहे, पण विषय विकिमीडियाच्या प्रकल्पांशी जोडलेला लागतो, ओढूनताणून जोडू नका. अर्ज कुठेही करा, त्यात डेटाचं पुढे काय करणार ते हमखास विचारतात. 'क्यूडीपीएक्स आणि साध्या टेक्स्टमध्ये जतन, ऑडिओ अमुक महिन्यांनी नष्ट' असं नेमकं लिहा, आणि तेच शब्द संमतिपत्रातही आहेत ना ते ताडून बघा.