मर्सिडीज ई ३५० कूपे (नोंदणी २०१०) : सी-क्लासचे सुटे भाग कितपत बसतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. नेरूळच्या एका परिचित काकांची मर्सिडीज ई ३५० कूपे (दोन दारांची गाडी) घ्यावी की नाही, या निर्णयापाशी मी अडलो आहे. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातात आहे. दोनदा चालवून पाहिली आणि मन तिच्यात गुंतले, म्हणूनच घाई करायची नाही असे ठरवले आहे.

नाव ई-क्लासचे असले तरी ही कूपे (कंपनीच्या सांकेतिक नावाने सी २०७) त्या काळच्या सी-क्लासच्या, म्हणजे डब्ल्यू २०४ या सांकेतिक नावाच्या गाडीच्या पायावर उभी आहे. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) सी-क्लासइतकाच, २,७६० मिमी आहे, तर त्याच पिढीच्या ई-क्लास सेडानचा २,८७४ मिमी. माझा मुख्य प्रश्न यातूनच निघतो. डब्ल्यू २०४ ची जुळणी चाकणला होत असे आणि ती आपल्याकडे बऱ्यापैकी खपली, त्यामुळे तिचे भाग शोधावे लागत नाहीत. कूपे मात्र जर्मनीतल्या ब्रेमेनहून तयार होऊन येत असे. पुढचे सस्पेन्शन आर्म, त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेकचे भाग यांपैकी कोणते पार्ट नंबर दोन्ही गाड्यांना समान आहेत, हे कोणी स्वतः बदलून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. तिला एअर सस्पेन्शन नाही, साध्या पोलादी स्प्रिंगा आहेत, ही माझ्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे, कारण पावसाळ्यात घोडबंदरला रस्त्याची काय अवस्था होते ते इथल्या रहिवाशांना सांगायला नको.

इंजिन ३,४९८ सीसीचे व्ही-६ एम २७२ आहे : २७२ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. (याच नावापुढे काही ठिकाणी ३०६ अश्वशक्ती लिहिलेली दिसते, तो आकडा नंतरच्या एम २७६ इंजिनाचा आहे.) बॅलन्स शाफ्टचे (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचे) दाते झिजण्याचा प्रसिद्ध दोष या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतला असल्याने त्याची मला फारशी चिंता नाही. इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागातील) प्लास्टिकच्या तरफा मात्र वयानुसार तुटतात असे वाचले आहे. मॅनिफोल्ड न उतरवता त्या तपासता येतात का? आणि तुर्भे एमआयडीसीच्या बाजूला हे काम जाणणारा, स्वतःचे स्कॅनर असलेला मेकॅनिक कोणाच्या माहितीत आहे का?

या गाडीला पुढच्या आणि मागच्या काचेमधला खांब नाही आणि दारांच्या काचांना चौकट नाही. दार उघडताना काच किंचित खाली उतरते आणि बंद झाल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. इतक्या वर्षांच्या दमट हवेनंतर ते रबर पाणी अडवते का, हे पाण्याचा पाइप मारून पाहणे पुरेसे ठरेल का?

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे आणि वाशी आरटीओत नूतनीकरण करावे लागेल. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क साध्या मोटारीला ५,००० रुपये आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये आहे. कंपनीने स्वतः पूर्ण बांधणीत आणून इथल्या शोरूममधून विकलेली गाडी आयात धरली जाते का? ज्यांनी अशा गाडीचे नूतनीकरण केले आहे, त्यांनी पावतीवर कोणती रक्कम होती एवढे जरी सांगितले तरी काकांशी किंमत ठरवणे सोपे जाईल.