मदत हवी आहे: कॉकपिट इंजिनएक्सच्या मागे लावलं की लॉगिननंतर पान कोरं

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाचे 3 डेबियन 12 सर्व्हर मी बघतो, पुढच्या महिन्यापासून हे काम एका ताईंकडे जातंय आणि त्यांना टर्मिनलची सवय नाही म्हणून कॉकपिट (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) टाकलं. त्याच्या नेहमीच्या 9090 पोर्टवर चालूच होईना, कारण तिथे प्रोमिथियस (सर्व्हरवर नजर ठेवणारं साधन) आधीपासून बसलेलं, मग सॉकेटच्या सेटिंगमध्ये लिसनस्ट्रीमची (कोणत्या पोर्टवर ऐकायचं ते सांगणारी) एक ओळ रिकामी आणि खाली 9443 दिलं तेव्हा कुठे चाललं (रिकामी ओळ नसेल तर जुना पोर्ट सुटत नाही, यात अर्धा दिवस गेला). रूटने (मुख्य प्रशासक खात्याने) लॉगिन होत नाही, ते तसंच राहू दे.

खरी अडचण पुढे आहे. इंजिनएक्समधून (बाहेरची विनंती आत पोचवणारा वेब सर्व्हर) सबडोमेनवर आणलं की लॉगिनचं पान येतं, पासवर्डही घेतो, आणि मग नुसतं पांढरं पान. वेबसॉकेटला (पान आणि सर्व्हरमधली चालू जोडणी) 403 म्हणजे नकार, जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) 'बॅड ओरिजिन', म्हणजे विनंती मान्य नसलेल्या पत्त्यावरून आली. अपग्रेड, कनेक्शन हेडर दिलेत, एचटीटीपी 1.1 पण केलंय. कॉकपिटच्या कॉन्फ फाइलमध्ये ओरिजिन्स (मान्य पत्ते) लिहायचं ते एचटीटीपीएस सकट का नुसतं नाव? प्रोटोकॉलहेडर (मूळ विनंती एचटीटीपीएस होती का ते कोणत्या हेडरमधून बघायचं, ती सेटिंग) पण लागतंच का? पोर्ट बाहेर उघडा ठेवायचा नाहीये, ताईंना एकच साधा पत्ता द्यायचाय. कुणाकडे असं चालू असेल तर तेवढ्या ओळी टाका ना प्लीज.