शंकरपट : मजा कोणाची, माणसाची का बैलाची?

झाडीचा पोट्टा : मंडई, म्हंजे गावची जत्रा, आली का आमच्याइकडे दिवसा शंकरपट, म्हंजे बैलजोडीची शर्यत, आन रात्री नाटक, हे ठरलेलंच. 2014 ले सुप्रीम कोर्टानं पट बंद केले तवा नाटकं चालू होते पण दिवसाची गर्दीच गेली, आलूबोंड्याचे ठेले ओस पडले. 2021 च्या डिसेंबरात परवानगी भेटली, 2023 ले सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंही पटाले परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, तरी बोंबाबोंब हायेच. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादले 1974 मधी हजारो वर्षं जुना धातूचा रथ सापडला, दोन बैल जुंपलेले आन मांगं माणूस उभा. इतका जुना शौक हाय आपला. पट चालूच रायले पायजे.

तुरीचं वरण : रथ सापडला म्हंजे शर्यतच होती हे कोणं सांगतलं भाऊ? आन जुनं म्हणून बरोबर हा कोणता हिशोब? रोममधी इसवी सन 80 साली कोलोसियम, म्हंजे खेळाचं मोठं मैदान, उघडलं तं 100 दिवस खेळ चालले, जनावरं हजारोनं मेले, लोकं खुशच होते. इंग्लंडात अस्वल बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत, ते 1835 ले कायद्यानं बंद झालं. त्यायचा शौक काय नवा होता का? आमच्या गावच्या पटात म्या डोयानं पायलं, जोडी सुटाच्या आधी शेपटी पिरगाळली, तुतारीची, म्हंजे बैल हाकलाच्या काठीची, आर टोचली, पुठ्ठ्यावर रक्ताचे टिपके आले तं मालकानं वरून हयद चोपडली.

झाडीचा पोट्टा : अबे ते जुनं झालं. आता काठी, चाबूक, करंट सारं बंद हाय, डॉक्टरचा दाखला लागते, कलेक्टरची परवानगी लागते.

वऱ्हाडची ताई : दोघंही गडीमाणसंच बोलून राहिले म्हणून लिहिते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरले पटात बाया सोता जोडी हाकलतात, ते पाहून मले लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू. पण घरी सरकी-ढेप कोण चारते, शेण कोण काढते, ते कोणी इचारत नाई. बक्षीस आलं तं ते मालकाच्या खिशात. आन खरी मजा सट्ट्याची हाय, बैलाची नाई.

तुरीचं वरण : +१ ताई.

झाडीचा पोट्टा : सट्टा तं क्रिकेटवरही लागते, ते बंद करता का? अन एक सांगा, ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्हा पाळाले कारण काय उरलं? पटाचा शौक हाय म्हणून जोडी दावणीले हाय, नाई तं सरळ बाजार.

तुरीचं वरण : हे मातर पटलं, याचं उत्तर माह्याजवळ नाई. मंग एक करा, आर टोचलेली दिसली का जोडी जाग्यावर बाद.

वऱ्हाडची ताई : बाद करणारा पंच कोण? सरपंचाचा साळा?