सिंगापूरहून क्रूझ, सासऱ्यांना स्टेंट आहे, ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठला बघायचा?

बडोद्याची_सून

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. दिवाळी व्हेकेशनमध्ये आम्ही सगळे क्रूझला चाललोय, आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई-सासरे. अहमदाबादहून सिंगापूरची फ्लाइट, तिथून जहाज, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. बाबा म्हणजे सासरे ७१ चे, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि २०२२ मध्ये एक स्टेंट बसवलाय. तब्येत छान आहे, रोज सकाळी कमाटीबागेत चक्कर असते त्यांची. आईंचं गुडघे सोडले तर काही नाही.

आता बुकिंगवाला म्हणतो इन्शुरन्स मी टाकून देतो, माणशी थोडेच पैसे लागतात, सगळं कव्हर होतं. सगळं म्हणजे काय विचारलं तर एक पान पाठवलं, त्यावर मोठ्या अक्षरात ५०,००० डॉलर, बस. आणि वर म्हणे स्टेंटचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. आमचे हे म्हणतात आपलं फॅमिली मेडिक्लेम आहे ना, मग वेगळं कशाला. पण माझ्या डोक्यातून जातच नाही की भर समुद्रात रात्री बाबांच्या छातीत दुखलं तर करायचं काय? कोणी अशी पॉलिसी घेतलीये का, नेमकं काय बघायचं?

रावपुरा_पॉलिसी

ताई, मी याच लाइनमध्ये आहे म्हणून आधी हेच सांगतो, स्टेंट लपवू नका. फॉर्ममध्ये आधीच्या आजारांचा प्रश्न असतो, तिथे "नाही" लिहिलं आणि उद्या हार्टचंच काही झालं तर जहाजावरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार आधी काय झालंय, तुम्ही खरं सांगणार (सांगायलाच हवं, जिवाचा प्रश्न आहे), ते रिपोर्टमध्ये येणार आणि तोच रिपोर्ट क्लेमला लागणार. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला एवढं पुरतं. थोडा प्रीमियम वाचवायला कोणी तुम्हाला हे करायला सांगत असेल तर त्याच्याकडून पॉलिसीच घेऊ नका.

पण नुसतं लिहून दिलं की झालं असंही नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीच्या आजाराचा खर्च एक तर मिळतच नाही, नाहीतर जिवावरच बेतलं तर मिळतो, तोही पेशंट स्थिर होईपर्यंत आणि त्याची मर्यादा वेगळी, मुख्य आकड्यापेक्षा खूप कमी. म्हणजे ते ५०,००० डॉलर बाबांच्या हार्टसाठी आहेत असं धरून चालू नका. तो दुसरा आकडा विचारा. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ही मर्यादा वाढवून देतात, तुमच्या केसमध्ये माझ्या मते सगळ्यात आधी तिथेच पैसे घालावेत. साठीच्या पुढच्यांना काही प्लॅनमध्ये खोलीभाडं, आयसीयू, सर्जरी प्रत्येकाला वेगळी लिमिट असते, ती नसलेला प्लॅन मिळाला तर तो घ्या, महाग असला तरी.

मेडिक्लेमचं म्हणाल तर आपल्याकडचे बहुतेक भारताबाहेर चालत नाहीत. काही मोठ्या प्लॅनमध्ये परदेशातली इमर्जन्सी असते, तुमची पॉलिसी काढून वाचा, अंदाजावर राहू नका.

मांजलपूरची_ताई

मी आईला घेऊन असंच गेले होते, तिला जहाजावर उलट्या-जुलाब सुरू झाले. मेडिकल सेंटर चांगलं होतं, डॉक्टर नर्स दोन्ही होते, ईसीजी रक्ताच्या साध्या तपासण्या सगळं होतं, सलाइन लावलं आणि नंतर केबिनमध्येच थांबायला सांगितलं कारण पोटाचा संसर्ग जहाजावर फार झपाट्याने पसरतो. पण एक लक्षात ठेव, तिथे कॅशलेस वगैरे काही नाही, बिल डॉलरमध्ये थेट केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना कार्डावरून जातं, मग घरी येऊन क्लेम. म्हणून कार्डाचं लिमिट भरपूर ठेवून जा. उतरायच्या आधी आयटमवार बिल, डॉक्टरचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, सगळं सही-शिक्क्यासकट मागून घे, मी सगळं तिथेच घेतलं होतं म्हणून क्लेम मिळाला, नाहीतर घरी येऊन जहाजाच्या ऑफिसला मेल करत बसावं लागलं असतं. आणि १०० डॉलरचं डिडक्टिबल होतं, ते आपल्याच खिशातून गेलं.

हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेव. समुद्रात आपलं रोमिंग पॅक बहुतेक वेळा चालत नाही, जहाजाचं नेटवर्क वेगळं आणि महाग असतं.

जुना_बडोदेकर

वरच्या दोघांनी सांगितलं त्यात एक भर. जहाजावर अँजिओग्राफी होत नाही. छातीत दुखलं तर तिथे ईसीजी काढून औषधं देऊन सांभाळतात आणि पुढच्या बंदरात नाहीतर हेलिकॉप्टर पोचेल अशा अंतरावर असाल तर हवेतून हलवतात. बिल फुगतं ते इथे, हलवण्यात आणि मग किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात. म्हणून पॉलिसीत मेडिकल इव्हॅक्युएशन शब्द आहे का बघा, रक्कम किती, मेडिकलच्या आकड्यातलीच की वेगळी, आणि जहाजावरून हलवणं त्यात धरलंय का. भारतात परत आणण्याचा खर्च आहे का तेही बघा. पॉलिसीत सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्ही यायला हवेत, आणि तारखा घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत, फक्त जहाजाच्या नकोत.

दुसरं, जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. त्यामुळे त्याच दिवशी सकाळी सिंगापूरला उतरून दुपारी जहाज पकडायचं असा प्लॅन असेल तर बदला, एक दिवस आधी जा. इथून एक्सप्रेसवेने अहमदाबाद, मग फ्लाइट, कुठेही काहीही अडकू शकतं, आणि जहाज चुकल्याची भरपाई मिळायला उशीर किती तासांचा, कशामुळे अशा अटी असतात. एका रात्रीचं हॉटेल त्यापेक्षा खात्रीचं. बंदरात उतरल्यावर पण तेच, जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही बाहेरून टॅक्सी करून फिरत असाल तर नाही.

अलकापुरी_वाचक

क्रूझ ॲड-ऑन म्हणून जे विकतात, बंदर रद्द झालं, केबिनमध्ये अडकलात, आधी पैसे भरलेली टूर चुकली, त्याचे थोडे थोडे पैसे मिळतात. माझं स्पष्ट मत, छोट्या क्रूझसाठी त्यात पैसे घालवू नका, तेच मेडिकलमध्ये टाका.

बडोद्याची_सून

खूप खूप आभार सगळ्यांचे, आमच्या ह्यांना सगळं वाचून दाखवलं, मेडिक्लेमची पॉलिसी काढून बघितली, खरंच फक्त भारतात चालते. आता अजून एक. समजा निघायच्या आधीच बाबांना ॲडमिट करावं लागलं आणि ट्रिप कॅन्सल केली तर पैसे मिळतात का? सगळ्यांचं मिळून बरंच आहे.

रावपुरा_पॉलिसी

ताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलात, हा भाग लोक बघतच नाहीत. तारीख जवळ येते तसा क्रूझवाल्यांचा कॅन्सलेशन चार्ज वाढत जातो, शेवटी शेवटी सगळेच पैसे जातात. पॉलिसीतलं कॅन्सलेशन ठरलेल्या कारणांनाच लागू असतं, घरच्या माणसाला ॲडमिट करणं त्यात साधारण असतं, पण आधीच्या आजारामुळे ॲडमिट झाले तर इथेही नाकारू शकतात. शिवाय जवळचे नातेवाईक म्हणजे कोण याची व्याख्या असते, तुमच्या पॉलिसीत सासरे त्यात बसतात का बघा, नाहीतर बाबांचं तिकीट मिळेल आणि तुमचं नाही. पॉलिसी काढायची तर बुकिंग झाल्या झाल्या काढा, निघायच्या आदल्या दिवशी काढून कॅन्सलेशनचा काय उपयोग. आणि हार्टच्या डॉक्टरांना जायच्या आधी एकदा दाखवून प्रवासाला हरकत नाही असं लिहून घ्या, डॉक्टरांनी नको म्हटलेला प्रवास केला तर क्लेम मिळत नाही.

हे सगळं कंपनीला मेलवर विचारा, फोनवर नको. साधं लिहा: वय ७१, २०२२ मध्ये स्टेंट, बीपी-शुगरच्या अमुक गोळ्या चालू, क्रूझने अमुक देशांत चाललोय, हार्टची इमर्जन्सी जहाजावर आली तर जास्तीत जास्त किती मिळतील, जहाजावरून हलवण्याचे किती, आणि याच कारणाने ट्रिप रद्द झाली तर सुनेचे आणि नातवंडांचे पैसे मिळतील का. उत्तर येईल ते पॉलिसीबरोबर प्रिंट काढून ठेवा. उद्या क्लेमवरून वांधा झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर आपल्याला अहमदाबादचं बीमा लोकपाल ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि हा मेल तिथे कामाला येतो.