ऋतुसंधीचे १४ दिवस: ऋतुचर्या आजही पाळावी का?

धागाकर्ता:
ऋतू पालटू लागला की सर्दी, खोकला, आम्लपित्त यांच्या तक्रारी वाढतात आणि काढे, चूर्णे, 'डिटॉक्स' यांच्या शिफारशींना ऊत येतो. माझे मत असे आहे की ऋतुचर्येतले, म्हणजे ऋतूनुसार आहारविहार ठेवण्याच्या आयुर्वेदीय नियमांतले, खरे मोलाचे सूत्र सावकाश बदलण्याचे आहे आणि नेमके तेच आपण विसरलो आहोत. अष्टांगहृदय या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात, तिसऱ्या अध्यायात, वाग्भटाने सरत्या ऋतूचे शेवटचे ७ व येत्या ऋतूचे पहिले ७ दिवस यांना ऋतुसंधी म्हटले आहे. या काळात आधीचा आहारविहार क्रमाने सोडावा, पुढचा क्रमाने स्वीकारावा, कारण एकाएकी केलेल्या बदलातून असात्म्यज (शरीराला सवय नसलेल्या गोष्टींमुळे होणारे) रोग उद्भवतात, असे तो बजावतो. सवय पाव-पाव हिश्शाने सोडावी, हे मापही त्या ग्रंथात आहे. वसंत, ग्रीष्म आणि शरद या ऋतूंत चरक या दुसऱ्या आयुर्वेदाचार्याने दही बहुधा वर्ज्य मानले आहे. म्हणून थंडीत रोज वाटीभर दही खाणाऱ्याने वसंत लागताना आधी पाऊण वाटी, मग अर्धी, मग पाव असे उतरत यावे. एवढ्यासाठी कोणतेही उत्पादन विकत घ्यावे लागत नाही.

पहिला प्रतिसाद (असहमत):
सावकाश बदलावे, याबद्दल दुमत नाही. परंतु वर्षा ऋतूत वात आणि शरदात पित्त हे दोष प्रकुपित होतात, म्हणजे बिघडून वाढतात, ही मांडणी एका विशिष्ट भूभागाच्या हवामानातून आलेली आहे. जिथे पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, तिथे ऋतुसंधी कुठून मोजायचा? शिवाय फ्लू विषाणूमुळे होतो, आणि त्यापासून लस, हात धुणे व खेळती हवा यांनी संरक्षण मिळते. याहून गंभीर मुद्दा असा की त्याच तिसऱ्या अध्यायात ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट, व्यायाम आणि ऊन टाळायला सांगितले आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या घामावाटे मीठ बाहेर पडत असते. त्याला मीठ तोडायला सांगणे धोक्याचे आहे.

धागाकर्ता:
ऋतू कसा ओळखावा, याचे उत्तर अष्टांगसंग्रह या दुसऱ्या आयुर्वेदग्रंथात आहे: महिना, सूर्याची रास आणि ऋतूचे प्रत्यक्ष स्वरूप या तीन लक्षणांत नंतरचे अधिक बलवान मानावे. म्हणजे जिथे राहतो तिथली हवा पाहावी. मिठाबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे; तो नियम सावलीत विसावू शकणाऱ्यासाठी आहे, कष्टकऱ्याला मी तो कधीच सांगणार नाही. मात्र उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते. पहिल्या दिवशी दुपारच्या कामाने डोके गरगरते. आठ-दहा दिवसांत घाम लवकर फुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तद्रवाचे प्रमाण वाढते. १४ दिवसांच्या नियमामागे असेच बारकाईचे निरीक्षण असावे, असे मला वाटते.

दुसरा प्रतिसाद (असहमत):
इथे आपला युक्तिवाद उलटतो. हे जुळवून घेणे थोडे-थोडे ऊन आणि थोडे-थोडे श्रम अंगावर घेतल्यानेच घडते, आणि आपण आधार मानता तो अध्याय तर ग्रीष्मात दोन्ही टाळायला सांगतो. दिवसांचा आकडा जुळला म्हणून कारणमीमांसा जुळली असे होत नाही. मला अधिक काळजी वाटते ती 'स्वतःची काळजी' या नावाखाली घरच्या घरी केल्या जाणाऱ्या शोधनाची, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांची. वसंतात वमन (उलट्या करवणे) आणि शरदात विरेचन (जुलाब देणे) शास्त्रात सांगितले आहे खरे, पण उलट्या-जुलाबांनी पाणी आणि क्षार वेगाने कमी होतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या ते जिवावर बेतू शकते. औषधांचे म्हणाल, तर इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

धागाकर्ता:
शोधनाबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे: ते तपासणीनंतर, वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे, घरी अजिबात नको. उन्हाबाबत मात्र माझे म्हणणे कायम आहे. ग्रीष्माचा निषेध ऐन ग्रीष्मासाठी आहे, आणि वसंतात त्याच ग्रंथाने व्यायाम सांगितला आहे. वसंत सरताना रोजचा व्यायाम पाव हिश्शाने घटवत नेणारा माणूस वाढत्या उष्म्यात थोडे श्रम करतच असतो; अचानक थांबणाऱ्याला, किंवा भर उन्हाळ्यात अचानक सुरू करणाऱ्याला, ही सवड मिळत नाही.